उलट्या गल्लीखाली बसलेली कलावती

हिरालाल गजभियेनं मला आतापर्यंत तीनदा उडवलं आहे. पहिल्यांदा तेलीबांधा तलावावरून, हातात उघडी छत्री देऊन. दुसऱ्यांदा पोळ्याच्या मातीच्या बैलावर बसवून, जयस्तंभ चौकाच्या वर. तिसऱ्यांदा तर सिलतऱ्याच्या चिमणीतून निघणाऱ्या धुरावर गादी टाकून त्यानं मला आडवं केलं आणि अंगावर माझ्याच घरातली गोधडी पांघरली. शहात्तराव्या वर्षी एवढा प्रवास कोण घडवतं? माझे गुडघे ब्राह्मणपाऱ्यातल्या माझ्याच घराचा जिना चढताना कुरकुरतात, आणि हा माणूस मोबाइलवर बोट फिरवून मला ढगांत नेऊन ठेवतो.

रोज सकाळी साडेसातला आमच्या स्नेहरंजन मंडळाच्या ग्रुपवर त्याचा निरोप येतो. ‘जय भीम, सुप्रभात’, आणि खाली एक फोटो. रायपुरातल्या शंभरेक मराठी घरांत त्या वेळी चहा उकळत असतो. चहा गाळायच्या आधी लोक मोबाइल उघडतात. आज कोणाचा नंबर लागला? कोण भाताच्या ढिगावर गिर्यारोहण करतंय, कोण पाटवडीच्या रश्श्यात पोहतंय, कोणाच्या चष्म्याच्या काचेत अख्खी पुरानी बस्ती मावली आहे? ज्याचा नंबर लागतो त्याला दिवसभर फोन येतात. ज्याचा बरेच दिवस लागत नाही तो हिरालालला आडून आडून विचारतो, ‘काय हो, माझ्यावर नाराज आहात काय?’

मी त्याला ओळखते ती अंधारातून. आम्ही गणपतीत नाटकं करायचो तेव्हा हिरालाल वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होता. भंडाऱ्याकडून त्याचे वडील रेल्वेत नोकरीला आले आणि इथलेच झाले. संध्याकाळी ड्यूटी संपली की तो ग्रीसनं काळे झालेले हात धुऊन आमच्या तालमीला यायचा. रंगमंचावर कधी आला नाही. डालड्याच्या रिकाम्या डब्यांचे दिवे त्यानं बनवले. मिठाच्या पाण्यानं भरलेल्या पिंपात विजेच्या तारा जोडलेले दोन पत्रे सोडून तो ते दिवे मंद करायचा. त्या पिंपाच्या जवळ जायची आमच्यापैकी कोणाची छाती नव्हती. मरणाच्या प्रवेशाला मी आडवी पडले की विंगेतून त्या पिंपाचा बुडबुड आवाज यायचा आणि माझ्या तोंडावरचा उजेड हळूहळू विझायचा. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. टाळ्या मला मिळायच्या. एकदा मी म्हटलं, ‘हिरालाल, अर्ध्या टाळ्या तुझ्या आहेत बरं.’ तर म्हणतो कसा, ‘अर्ध्या काहून ताई? मी दिवा नाही लावला तं तुम्ही दिसतच नाही!’

निवृत्त झाल्यावर त्याच्या मुलीनं, दीक्षानं, त्याला चांगल्या कॅमेऱ्याचा मोबाइल घेऊन दिला. दीक्षा सिलतऱ्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. तिनं त्याला फोटोतून माणूस कापून दुसरीकडे कसा चिकटवायचा ते शिकवलं आणि पंधरा दिवसांत डोक्याला हात लावला. ‘आंटी, पापा ने मुझे गोभी के अंदर बिठा दिया है,’ असा तिचा मला फोन आला होता. मी फोटो पाहिला. फुलकोबी उमललेली, मधे दीक्षा, कानात डूल, चेहऱ्यावर ऑफिसला उशीर झाल्याचा भाव. इतकी गोड दिसत होती की मी तो फोटो अजून ठेवला आहे.

दुपारी जेवण झालं की तो कूलरसमोर चटईवर बसतो. चष्मा नाकाच्या टोकावर, जीभ दातांत, आणि बोटाचं टोक स्क्रीनवर मुंगीच्या चालीनं चाललेलं. मी एकदा तासभर शेजारी बसून पाहिलं. ‘सगळ्यात कठीण काय असते सांगू का ताई? केस. एकेक केस सोडवा लागते, नाहीतं माणूस कात्रीनं कापल्यासारखा दिसते. टकला माणूस मिळाला का अर्धं काम झालं.’ मग खाली वाकून हळूच म्हणाला, ‘श्यामकांतजीले मी म्हणून तं इतक्या वेळा घेतो.’

श्यामकांतजी आमच्या मंडळाचे सचिव. वीज खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, डोकं गुळगुळीत, मिशी मात्र भरघोस. एकदा हिरालालनं गंमत म्हणून ती मिशी पुसून टाकली. त्याचा एक नियम आहे. ज्याचा फोटो, त्याला आधी पाठवायचा, तो हसला तरच ग्रुपवर टाकायचा. श्यामकांतजी हसले नाहीत, म्हणून तो फोटो ग्रुपवर आला नाही. पण त्यांच्या बायकोनं, चित्रानं, नवऱ्याच्या मोबाइलमध्ये तो पाहिला आणि जाहीर केलं की लग्नाच्या आधी हे असेच दिसायचे आणि मला असेच हवेत. श्यामकांतजी आठवडाभर मिशीवर हात ठेवून फिरत होते.

आता कलावती. हिरालालची बायको, माहेर तुमसरचं. बोलायला फटकळ, हाताला चव, आणि खोटं बोलण्याचा मनापासून कंटाळा. कोणी ‘कशी दिसते माझी साडी?’ विचारलं तर ती खरंच सांगते. म्हणून तिला फारसं कोणी विचारत नाही. हिरालालच्या फोटोंतली सगळ्यात जास्त कामं तिनं केली आहेत. ती नायलॉनच्या साडीत हिमालयावर गेली, व्हेल माशाला भाकरी भरवून आली, रॉकेटवर एका बाजूनं पाय सोडून बसली. गेल्या हिवाळ्यात हळदीकुंकवाला मी तिला बोलावलं होतं, तेव्हा एका नव्या सुनेनं सगळ्यांसमोर विचारलं, ‘अय्या, तुम्ही त्या रॉकेटवाल्या काकू का?’

कलावतीनं घरी जाऊन नवऱ्याला समोर बसवलं. हे मला तिनंच नंतर सांगितलं. ती म्हणाली, ‘त्रेचाळीस वर्षं झाले लग्नाले. जगभर फिरवलं तुम्ही मले, माझं काही म्हणणं नाही. पण एक फोटो असा काढा का मी म्हणजे मीच. आपल्या घरातली. काही जोडू नका, काही कापू नका. अन् तो मंडळात लावा.’

मंडळात दर महाराष्ट्र दिनाला हौशी लोकांच्या फोटोंचं प्रदर्शन भरतं. आणि यंदा तिथं एक नवा नियम होता, तोही हिरालालमुळेच झालेला. गेल्या वर्षी त्यानं मंडळाच्या मागच्या दारासमोर कमळांनी भरलेला तलाव दाखवला होता. नागपूरहून आलेल्या पाहुण्यांनी तो फोटो बघून भाषणात सांगितलं की आपल्या मंडळाचं भाग्य थोर, मागच्या दारात असा तलाव आहे, आणि जाताना मला तो बघायचाच आहे. मागच्या दारात महानगरपालिकेचा नळ होता. तेव्हा श्यामकांतजींनी नियम लिहिला. ‘फोटोत कोणतीही जोडतोड चालणार नाही.’ तीन जणांची समिती नेमली. श्यामकांतजी, चित्रा आणि मी.

दोन महिने हिरालाल कलावतीचे फोटो काढत होता आणि दोन महिने हरत होता. मोबाइल दिसला की ती ताठ व्हायची, ओठ मिटून घ्यायची, जणू पासपोर्टला बसली आहे. ‘चाळीस वर्षं घरात वावरून राहिली, अन् मोबाइल धरला का पुतळा होते,’ असं तो हताशपणे म्हणायचा.

मग एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तो मंडळात आला. सोबत दीक्षा आणि इस्त्रीची साडी नेसलेली कलावती. हातात मोठा केलेला, चौकटीत बसवलेला फोटो, वर वर्तमानपत्राचा कागद. त्यानं कागद काढला आणि आम्ही तिघं वाकलो.

खाटेच्या कडेला कलावती बसली आहे. मांडीवर सूप, सुपात तांदूळ. हात तांदळात थांबला आहे, नजर खाली आहे, चेहरा सैल. आणि तिच्या मागच्या भिंतीवर अख्खी गल्ली उलटी लटकते आहे. वर रस्ता, रस्त्याला टांगलेली पिवळी घरं, गच्चीवरून वर जाणाऱ्या साड्या, शेंडा खाली केलेला कडुनिंब. घरांच्या खाली आकाश. ते आकाश तिच्या खांद्यांवर उतरलं आहे, आणि सुपातले पांढरे तांदूळ निळे झाले आहेत.

मी रंगभूमीवर तीस वर्षं काढली, अनेक नेपथ्यं पाहिली, पण असं काही पाहिलं नव्हतं. माझ्या तोंडून निघालं, ‘हिरालाल, कमाल केलीस रे!’

‘कमाल तर आहेच,’ श्यामकांतजी म्हणाले, ‘पण हिरालालजी, नियम तुम्हाला माहीत आहे. हे एडिटिंग आहे.’

‘नाही. यात काही जोडलं नाही.’

‘अहो, गल्ली उलटी आहे भिंतीवर!’

‘तशीच पडते.’

श्यामकांतजी हसले. चित्रा हसली. आणि खरं सांगते, मीही हसले. त्याच्या सगळ्या फोटोंवर आपण हसतोच, तसं. तेवढ्यात कलावती म्हणाली, ‘खरंच पडते. दर उन्हाळ्यात पडते सकाळी. मले तं वाटलं, सगळ्यांच्याच घरी पडते.’

आता मात्र बाहेरच्या खोलीत पत्ते खेळणारेही हसले. श्यामकांतजी डोळे पुसत म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही नवऱ्याची बाजू घेणारच की! पण खोटं बोलायचंच तर जरा पटेल असं तरी बोलावं.’

कलावतीनं पर्स उचलली आणि ती निघून गेली. घाईनं गेली नाही, दार आपटलं नाही. तिच्या मागे दीक्षा गेली.  गल्ली भिंतीवर कशी पडते, हे हिरालाल समजावून सांगू शकला असता. पण तो बायकोच्या मागे जिन्याकडे धावला.

मी त्याला जिन्यात गाठलं. म्हटलं, ‘अरे, मनावर घेऊ नको. ते गमतीनं बोलले.’

‘माझं सोडा ताई. मी तं रोजच लबाडी करतो, हसवाची. मले कोणी लबाड म्हटलं तं मी खुश होतो. पण ती? तिनं जन्मात खोटं नाही बोललं. एक फोटो मागितला होता तिनं, खरा. तो मी काढला, अन् त्याच फोटोपायी तिले सगळ्यांसमोर खोटं ठरवलं.’ मग तो जिना परत चढून गेला आणि दारातूनच म्हणाला, ‘श्यामकांतजी, रविवारी सकाळी आठ वाजता माझ्या घरी या. तिघंही. नाही पटलं तं हा फोटोही नको अन् पुढचे फोटोही नको. अन् कलावती या मंडळाची पायरी चढणार नाही, हे मी आताच सांगून ठेवतो.’

रविवारपर्यंत ग्रुपवर ‘जय भीम, सुप्रभात’ आलं नाही. चहा गाळताना कोणाला काही बरं वाटेना. तिघांनी मला फोन करून विचारलं, ‘हिरालालची तब्येत बरी आहे ना?’

रविवारी साडेसातला तो मला घ्यायला स्कूटरवर आला.  गुढियारीतलं त्याचं घर लहान, नीटनेटकं, दारात दोन कुंड्या. श्यामकांतजी आणि चित्रा आधीच आले होते आणि पोह्यांच्या बशा हातात घेऊन अवघडून बसले होते. कलावती पाहुणचारात कमी पडत नव्हती, पण श्यामकांतजींशी थेट बोलत नव्हती.

‘दीक्षा, त्यांले विचार, चहात साखर किती.’

दीक्षानं दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या श्यामकांतजींना विचारलं, ‘अंकल, शक्कर?’

‘एक चमचा,’ श्यामकांतजी म्हणाले.

‘मम्मी, एक चम्मच.’

‘ऐकलं,’ कलावती म्हणाली.

मग हिरालालनं आम्हाला मागच्या खोलीत नेलं. पश्चिमेची खोली, खिडकी गल्लीवर उघडणारी. आमच्याकडे एप्रिल लागला की पश्चिमेच्या खिडक्या बंद होतात. दुपारनंतरचं ऊन भट्टीसारखं आत शिरतं, म्हणून लोक तावदानांवर पुठ्ठा ठोकतात आणि पाऊस येईपर्यंत काढत नाहीत. त्याच्या खिडकीवरही पुठ्ठा होता. समोर पांढरी भिंत, भिंतीला लागून फोटोतली खाट. आम्ही तिघं खुर्च्यांवर भिंतीकडे तोंड करून बसलो. हिरालालनं दार लावलं. मिट्ट काळोख झाला.

तिसरी घंटा झाल्यावर प्रेक्षागृहात जी शांतता पसरते ना, तीच.  आता पडदा जाणार.

पडदा गेला नाही. भिंत दिसत नव्हती, खाट दिसत नव्हती, चित्राच्या बांगड्या तेवढ्या वाजत होत्या. एक मिनिट गेलं. दोन गेली. श्यामकांतजी खाकरले. ‘हिरालालजी, प्रयोग सुरू व्हायला किती वेळ आहे?’

‘आठले येते,’ हिरालाल म्हणाला. ‘रोज येते. ऊन तं पडलं आहे समोरच्या घरांवर. मी आताच पाहिलं.’

‘असेल, असेल,’ श्यामकांतजी म्हणाले. त्यांचा स्वर मऊ होता, आणि त्या मऊपणानंच मला वाईट वाटलं. म्हाताऱ्या नटाला संवाद आठवेनासा झाला की पुढच्या रांगेतले लोक असेच मऊ होतात.

दार किंचित उघडलं. उजेडाच्या फटीत कलावती उभी. ‘पाहिली का गल्ली?’

‘नाही आली,’ हिरालाल म्हणाला.

‘नाही कशी येत? रोज येते. कालही आली होती.’

हिरालाल खिडकीकडे गेला. पुठ्ठ्यावर हात फिरवू लागला. वर, खाली, कडेला. मग थांबला. ‘कलावती, हा पुठ्ठा कोणता आहे?’

‘नवा आहे. काल रात्री लावला मी.’

‘नवा?’

‘मंग? घरी पाहुणे येऊन राहिले, अन् खिडकीले तो डाग पडलेला, भोकाचा पुठ्ठा ठेवू का? शेजारच्यांनी कूलर घेतला, त्याचा कोरा पुठ्ठा मागून आणला. दीक्षानं अन् मी खिळे ठोकले. एक फट राहू दिली नाही.’

हिरालाल मटकन खाटेवर बसला. ‘अगं, गल्ली भोकातूनच येते!’

 मग कलावती म्हणाली, ‘मले काय माहीत भोकातून येते? तुम्ही कधी सांगितलं? मी म्हटलं ऊन आहे, ऊन येते तशी गल्ली येते!’

चित्राला हसू आवरेना. मला आवरेना. दीक्षा दाराबाहेर भिंतीला टेकून हसत होती, ‘मम्मी! मैंने ही तो हथौड़ी पकड़ी थी!’ फक्त श्यामकांतजी हसत नव्हते. ते खुर्चीतून उठले होते. त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला होता.

‘कुठल्या भोकातून? केवढं होतं?’

‘खिळ्याचं. हरभऱ्याएवढं.’

‘कुठे होतं नेमकं?’ त्यांनी खिशातून पेन काढलं. अंधारात ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. ‘इथं?’

‘जरा खाली. हव, तिथंच.’

त्यांनी पेनचं टोक पुठ्ठ्यावर टेकवलं आणि तळहातानं दाबलं. टच् असा आवाज झाला. पेन फिरवून त्यांनी भोक गोल केलं, दोन पावलं मागे आले, आणि आधी गल्ली पडली ती त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या पोटावर. पिवळं घर, खाली डोकं वर पाय. त्यांनी खाली वाकून पाहिलं. एखादं लहान मूल अंगावर येऊन बसलेल्या फुलपाखराकडे बघतं तसं. हळूहळू ते बाजूला सरकले.

आणि अख्खी भिंत उजळली. वर छताजवळ रस्ता, रस्त्यावरून उलटा दूधवाला सायकल मारत निघालेला, कॅन हिंदकळत. कडुनिंबाची पानं हलत होती, गच्चीतल्या साड्या वाऱ्यानं फुगत होत्या. फोटोत सगळं थांबलेलं होतं, इथं सगळं चालत होतं. चित्रानं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. ‘गोदाताई, आमची गाडी! आमची गाडी वर टांगलीय!’

‘दीक्षा, बाहेर जा!’ हिरालाल ओरडला. ‘गल्लीत उभी राह्य!’

दीक्षा पळाली. क्षणभरानं ती भिंतीवर आली, वटवाघळासारखी लटकलेली, आणि हात हलवू लागली. बाहेरून तिचा खराखुरा आवाज आला, ‘पापा! दिख रही हूँ क्या?’

‘दिसून राहिली! नाच!’

ती नाचली. मग चित्रा गेली आणि तिनं गल्लीच्या मधोमध दोन गिरक्या घेतल्या. मग मलाही राहवेना. मी गेले, जुन्या सवयीनं पदर सावरला आणि पुठ्ठ्याच्या खिडकीकडे तोंड करून वाकून अभिवादन केलं. समोरच्या ओट्यावरच्या म्हाताऱ्यानं छत्तीसगढीत विचारलं, ‘का होगे दाई? ये का करत हस?’ मी म्हटलं, ‘नाटक है भैया, अंदर चल रहा है.’ त्यानं विडी विझवली आणि तोही आत बघायला गेला.

सगळ्यात शेवटी श्यामकांतजी गेले. आम्ही आतून बघत होतो. ते भिंतीवर आले, डोक्याचा गोल भाग खाली चकाकत. आधी त्यांनी उजवा हात वर केला. तो खाली गेला. मग डावा. मग एका पायावर उभे राहिले. मग मिशी दोन्ही हातांनी झाकली, काढली, पुन्हा झाकली. चित्रा हसून हसून खाटेवर कोसळली. आणि मग ते तिथंच गल्लीत ताठ उभे राहिले आणि त्यांनी खिडकीकडे बघत हात जोडले. त्यांना आतलं काही दिसत नव्हतं. पण कलावती भिंतीसमोर उभी होती, आणि ते जोडलेले हात थेट तिच्या पदरावर पडले होते.

ते घामेजून आत आले. ‘वहिनी, पोहे आहेत का अजून?’

‘आहेत,’ कलावती म्हणाली. त्या सकाळी पहिल्यांदाच ती त्यांच्याशी थेट बोलली. ‘तर्री तिखट आहे, आधीच सांगते.’

‘तुम्ही सांगता म्हणजे असेलच,’ श्यामकांतजी म्हणाले. पहिल्याच घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तर्रीचंच होतं. पाणी पिऊन त्यांनी बशी खाली ठेवली. ‘त्या दिवशी मी चुकलो. सगळ्यांसमोर बोललो होतो, दुरुस्तीही सगळ्यांसमोर करीन.’

कलावतीनं त्यांच्या बशीत अजून पोहे वाढले, तर्री मात्र अर्धीच घातली.

महाराष्ट्र दिनाला फोटो लागला. हॉलमध्ये शिरल्याबरोबर समोर दिसेल असा, एकटाच. गेल्या वर्षीच्या तलावासारखं त्याच्यासमोर कोणी हसत नव्हतं. लोक जवळ जात, मान वाकडी करून उलटी गल्ली सुलटी बघायचा प्रयत्न करत, आणि मग त्यांची नजर त्या निळ्या तांदळांपाशी येऊन थांबे. खाली श्यामकांतजींनी स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला होता. ‘या फोटोत काहीही जोडलेलं किंवा कापलेलं नाही. मी स्वतः जाऊन पाहिलं आहे.’ आणि खाली सही.

कलावती आली. जांभळी साडी, केसांत अबोलीचा गजरा, शेजारी हिरालाल नव्या बुशशर्टात. तिनं फोटोकडे फारसं पाहिलं नाही. चष्मा लावून कागद वाचला. पुन्हा वाचला. श्यामकांतजी जवळच उभे होते, तोंडावर काम नीट केल्याचं समाधान.

‘तुम्ही स्वतः पाहिलं,’ कलावती म्हणाली. ‘अन् मी आधी सांगितलं होतं, ते?’

हॉलमधले लोक थांबले. हिरालालनं डोळे मिटले. श्यामकांतजींनी कागदाकडे बघितलं, मग तिच्याकडे. मग त्यांनी पेन काढलं, वाकले, आणि सहीच्या वर उरलेल्या जागेत बारीक अक्षरात एक ओळ घातली. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, आणि मी सांगते, भल्याभल्या नटांना जमत नाही इतकी स्वच्छ वाचली.

‘श्रीमती कलावती गजभिये यांनी हे आधीच सांगितलं होतं.’

‘आता बरोबर आहे,’ कलावती म्हणाली. तिनं खुर्ची ओढली, फोटोच्या शेजारी मांडली आणि पर्स मांडीवर घेऊन बसली. संध्याकाळी दिवे लागेपर्यंत ती तिथून हलली नाही. कोणी विचारलं, ‘काकू, हे कसं हो काढलं?’ तर ती सांगायची, ‘हरभऱ्याएवढं भोक पाडा. पश्चिमेच्या खिडकीले. अन् सकाळी आठले बसा.’ आणि लोक मान हलवून, मनातल्या मनात आपल्या घराच्या खिडक्या आठवत, पुढे जायचे.